नीलकंठरावांच्या देवघरातली घरघर

श्यामराव ढोमणे यांना कामाच्या वेळी दोनच खुणा कळत. अंगठा वर म्हणजे आवाज वाढवा, तळहात खाली म्हणजे कमी करा. रायपुरात तीस वर्षं माइक आणि भोंगे भाड्याने दिल्यावर त्यांचा डावा कान जवळजवळ गेला होता आणि उजवा मनाला येईल तेव्हाच चालायचा. त्यामुळे माणसं काय बोलतात यापेक्षा त्यांचे हात काय करतात याकडेच ते पाहत. तळहात खाली करणारा माणूस त्यांना या तीस वर्षांत एकच भेटला, ब्राह्मणपारा मोहल्ल्यातला एक वधूपिता. तो माशी हाकलत होता, हे नंतर कळलं.

गणपती असो, भागवत सप्ताह असो, बुद्धजयंती असो की कारखान्यातल्या साहेबाचा निरोप समारंभ, श्यामराव मशीनमागे खुर्ची टाकून बसत आणि डोळे उघडे ठेवून डुलकी काढत. बोलले जाणारे शब्द हा त्यांच्या कामाचा भाग नव्हता. प्रवचनकाराला भरून आलं की यांना एकच काळजी, "माइक ओला होऊन राहिला." देवावर त्यांचा विश्वास होता, बेताचा. मशीन सुरू करताना ते हात लावून नमस्कार करत. तो नमस्कार मशीनला की देवाला, याचा विचार करायची वेळ कधी आली नव्हती.

ती आली एका रविवारी सकाळी.

शहरातल्या मराठी ख्रिस्ती मंडळींची वार्षिक सभा होती. मांडव लहान, माणसं शंभर-सव्वाशे. पाद्री शिशिर साळवे हे अचलपूरकडचे, आणि त्यांचा आवाज असा की पुढच्या निम्म्या मांडवासाठी माइक ही केवळ औपचारिकता. त्या दिवशी त्यांनी फार जुन्या काळातल्या यहुदी संदेष्ट्यांचा, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणाऱ्यांचा, विषय घेतला होता. ते नुसतं वाचणारे नव्हते. मेंढपाळाच्या जागी मेंढपाळ व्हायचे, राजाच्या जागी राजा, आणि देव बोलू लागला की टाचा उंचावून देव व्हायचे.

देव त्या दिवशी भयंकर रागावलेला होता.

"पुरे झाले तुमचे सण!" साळवे गरजले. "तुमच्या मेळाव्यांचा मला वीट आला आहे! तो गाण्यांचा गोंगाट बंद करा! ऐकायचा नाही मला!" आणि त्यांनी उजवा तळहात जोरात खाली आणला.

श्यामरावांनी तळहात पाहिला. नेमका तेव्हाच उजवा कानही चालला. त्यांनी बटण फिरवून शून्यावर आणलं.

भोंगे गप्प झाले. साळवे आपल्या तंद्रीत होते, त्यांचे हात आणि ओठ चालूच राहिले. पुढच्या रांगांना ऐकू येत होतं. मागच्या रांगांतल्या बायकांना वाटलं, मूक प्रार्थना सुरू झाली. त्यांनी डोळे मिटले, आणि दोघी-तिघींना छान झोप लागली.

सभा संपल्यावर साळवे घाम पुसत मशीनपाशी आले. "श्यामरावजी, मधातच आवाज काहून बंद केला?"

"तुम्हीच तं म्हटलं, गोंगाट बंद करा. हात बी खाली केला."

"मी नाही जी म्हटलं ते. तिथं देव बोलून राहिला होता."

"देव?" श्यामराव खुर्चीवरून उठलेच. "मंग तं बंद कराच लागते न, पाद्रीसाहेब! तुम्ही म्हटलं असतं तं एखाद्या वेळी चालू ठेवला असता."

साळवे दोन ताटं घेऊन आले, आणि कडुनिंबाखाली पुरीभाजी खाता खाता त्यांनी श्यामरावांना, ज्याच्या तोंडून देव हे बोलला त्या आमोसाची गोष्ट सांगितली. हा आमोस मेंढपाळ होता, उंबराच्या झाडांची निगा राखायचा. पुजारी नाही, पंडित नाही. त्या काळी मोठमोठ्या देवळांत थाटाचे उत्सव चालायचे, वाद्यं वाजायची, होमाचा धूर निघायचा. आणि तेच भक्त बाजारात खोट्या मापाने धान्य विकायचे. चपलांच्या एका जोडासाठी गरीब माणूस विकायचे. आमोस तिथे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, देवाला तुमचं गाणंबिणं नको आहे, न्याय पाण्यासारखा वाहू द्या, नाहीतर तुमची धडगत नाही.

"पाण्यावानी?" श्यामरावांनी विचारलं.

"हव. बारमाही नदीसारखा."

"मंग त्या लोकायनं काय केलं?"

"तिथला मोठा पुजारी म्हणाला, जा बाबा आपल्या गावी, तिकडे सांग काय सांगायचं ते."

श्यामरावांनी पुरी ताटात ठेवली. तीस वर्षं ते याच गोंगाटावर जगत होते. देवाला नको असलेला माल आपण देवाच्याच दारात तीस वर्षं पोहोचवला, आणि तोही अंगठा वर पाहून, वाढवून वाढवून! त्यांनी ताट दूर सारलं. अर्थात चौथ्या पुरीसाठी ते परत ओढलं.

घरी आल्यावर त्यांनी हे सगळं बायकोला सांगितलं. मंदाकिनीबाई अंगणातल्या नळापाशी बसल्या होत्या. नळाखाली बादली होती, बादलीत तळ झाकेल एवढं पाणी होतं.

"देवाले आवाज नको म्हणते," श्यामराव म्हणाले.

"मले पाणी पायजे म्हणते," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "त्याले सांगा."

त्यांची पोट्टी ईरा कॉलेजात होती. मराठी तिला सगळं कळे, पण उत्तर हिंदीतच येई. "बाबा, वो ढाई हजार साल पुरानी बात है. आपका नाम थोड़ी लिया है."

"नाव नाही घेतलं. पण माइकवाल्याच्या देखत काहून म्हटलं?"

ईरा मोबाइल घेऊन आत गेली.

बुढापाऱ्यातली त्यांची गल्ली तलावापासून पाच मिनिटांच्या चालीवर होती. तलावात नावा फिरतील एवढं पाणी, आणि गल्लीतल्या नळांना, घरच्या आणि कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळालाही, आठ महिन्यांपासून करंगळीएवढी धार. सकाळी सहा ते सात पाणी यायचं. गोदावरीबाई, अंजनाबाई, मंदाकिनीबाई आणि बाकीच्या सगळ्या बायका त्या एका तासात दीड बादली भरत आणि उरलेला वेळ महापालिकेला शिव्या देत. कोणी म्हणे पाइप सडला, कोणी म्हणे गल्लीला उतार आहे. या उताराचा शोध नीलकंठरावांनी लावला होता.

नीलकंठराव गल्लीच्या तोंडाशी राहत. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, कपाळावर ठसठशीत गंध, घरावर दोन काळ्या टाक्या. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी एक संकल्प सोडला होता, रोज सकाळी सहा ते सात भजन, भोंग्यावर. श्यामरावांनी शेजारधर्म म्हणून मशीन, माइक आणि दोन भोंगे त्यांच्याकडेच ठेवून दिले होते आणि रोज सकाळी जाऊन ते चालवतही होते. साथीला तीन म्हातारे टाळकरी येत. नीलकंठराव म्हणतील ते मागून म्हणायचं आणि नंतर चहा प्यायचा, एवढीच त्यांची कामं.

नीलकंठरावांचा आवाज फारसा चांगला नव्हता. पण ते अंगठा सारखा वर करत. आणि वेळेचे इतके पक्के की सहाला एक मिनिट कमी असेल तर डोळे मिटून थांबत. एकदा महापालिकेच्या टाकीच्या दुरुस्तीमुळे पाणी आठ वाजता येणार होतं. त्या दिवशी भजनही आठला झालं. श्यामरावांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आज देव उशिरा उठणार, मले स्वप्नात सांगतलं." श्यामरावांना ते पटलं. शब्दांकडे त्यांचं लक्ष नव्हतंच.

शिवाय त्या घरात चमत्कार होत असे. भजन रंगात आलं की देवघरातले देव डोलत. डोलत म्हणजे खरंच डोलत. पितळेचा बाळकृष्ण थरथरत थरथरत पुढे सरके आणि कधी कधी काठापर्यंत येई. मग नीलकंठराव गातागाताच त्याला बोटाने मागे ढकलत. हे पाहायला पार भनपुरीहून माणसं येत.

सोमवारी सकाळी श्यामराव गेले ते जरा वेगळेच होऊन. साळव्यांच्या देवाने त्यांना रात्रभर सोडलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ते मशीनमागे बसून भजन ऐकू लागले. आणि ऐकताना त्यांना भजनाच्या खाली काहीतरी ऐकू आलं.

घुर्रर्रर्र.

दुसऱ्या कोणाला ते जाणवलं नसतं. पण माइकवाल्याला घरघर म्हणजे घराण्याला डाग. श्यामरावांनी वायर हलवली. घरघर तशीच. माइक बदलला. तशीच. नीलकंठरावांनी अंगठा वर केला, यांनी आवाज वाढवला, तशी घरघरही वाढली. श्यामराव ओशाळले. आठ महिने आपण या सज्जन माणसाच्या भक्तीत घरघर मिसळून राहिलो, आणि हा बिचारा एका शब्दाने बोलला नाही! ते गुडघ्यांवर आले आणि मशीनपासून निघालेल्या विजेच्या वायरीच्या मागे मागे रांगू लागले.

वायर सतरंजीखालून गेली, टाळकऱ्यांच्या पायांमधून गेली आणि देवघराच्या मागे लाल पडद्यात शिरली. तिथली पिन रोज नीलकंठराव स्वतःच लावून देत.

नीलकंठरावांनी एक डोळा उघडला. भजन थांबवता येत नव्हतं. घड्याळात सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. मग त्यांनी त्याच चालीवर, हात जोडलेले तसेच ठेवून म्हटलं,

"तिकडे नका जाऊ हो श्यामराव, विठ्ठल विठ्ठल!"

टाळकऱ्यांनी आठ महिन्यांच्या सवयीने मागून उचललं, "तिकडे नका जाऊ हो श्यामराव, विठ्ठल विठ्ठल!"

भोंग्यांतून ते सगळ्या गल्लीत गेलं. सार्वजनिक नळापाशी बादल्या घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"हे काय नवीन भजन आहे का?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"माह्या घरच्यायचं नाव घेऊन राहिले," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि बादली खाली ठेवली.

आत श्यामरावांचा उजवा कान पुन्हा बंद पडला होता. ते रांगत होते. नीलकंठराव वरच्या पट्टीत गेले, "पडद्याला हात नका लावू, पांडुरंगा!" टाळकरी, "पडद्याला हात नका लावू, पांडुरंगा!" एका टाळकऱ्याला ही ओळ इतकी भावली की त्याने ती दोनदा घेतली.

श्यामरावांनी पडदा बाजूला केला.

मागे एक टुल्लू पंप होता. निळा, गुबगुबीत, देवघराच्या लाकडी पाटाला खेटून बसवलेला. त्याचं एक तोंड रस्त्याच्या पाइपात, दुसरं वर काळ्या टाक्यांत. तो मन लावून थरथरत होता. त्याच्याबरोबर पाट थरथरत होता आणि पाटावर सगळे देव. बाळकृष्ण पार कडेला येऊन खाली श्यामरावांकडे पाहत होता.

श्यामराव तसेच चार पायांवर थांबले. त्यांना पाणी दिसलं, पाइप दिसला, टाक्या दिसल्या, सहा ते सातची वेळ दिसली. पण हुशार माणसासारखं हे सगळं जोडायला त्यांना वेळ लागला असता. त्यांना आठवला तो साळव्यांचा तळहात. पहिलं काम, गोंगाट बंद. ते उठले, मशीनपाशी आले आणि बटण शून्यावर नेलं.

भोंगे गप्प झाले. भजनही दचकून थांबलं. आणि त्या शांततेत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, देवघरातून आलं,

घुर्रर्रर्रर्र.

दारात आधी मंदाकिनीबाई आल्या, मग गोदावरीबाई, मग अंजनाबाई. मागे इतक्या बायका की त्यांच्या बादल्यांनीच ओसरी भरली. बोलत होता तो फक्त पंप.

"अभिषेकासाठी लागते थोडंसं," नीलकंठराव म्हणाले.

"दोन टाक्या?" अंजनाबाईंनी विचारलं. "देव आंघोळ करते का पोहते?"

तोवर श्यामरावांना दुसरं काम आठवलं होतं. न्याय कसा काय असतो ते त्यांना नीट सांगता आलं नसतं, पण पाणी वाहू द्यायचं, हे त्यांना स्पष्ट कळलं होतं. ते परत आत गेले आणि पंपाची पिन ओढली.

बाळकृष्ण थांबला.

क्षणभरातच गल्लीच्या टोकाकडून ईराचा आवाज आला, "मम्मी! मम्मी! नल फट गया!" नळ फुटला नव्हता. त्याला आठ महिन्यांनी पूर्ण धार आली होती, आणि ती इतक्या जोरात की रिकामी बादली उलटून अंगणात गडगडत गेली. मग शेजारून ओरडा, मग त्याच्या शेजारून. बायका बादल्या उचलून पळाल्या. गोदावरीबाई पळता पळता मागे वळून नीलकंठरावांना म्हणाल्या, "थांबा, येतो आम्ही भरून!"

नीलकंठराव खाली बसले. त्यांचं गंध घामाने नाकावर उतरलं होतं. मग राग आला. "श्यामराव, उचला तुमचं सामान! जा आपल्या घरी, तिकडेच वाजवा!"

श्यामराव थक्क झाले. हे वाक्य त्यांनी कालच कडुनिंबाखाली ऐकलं होतं. "हव," ते आदराने म्हणाले, "त्या मेंढपाळालेबी असंच म्हटलं होतं."

"कोणत्या मेंढपाळाले?"

"उंबरवाला होता एक."

नीलकंठरावांना वाटलं, माणूस वेडा झाला. टाळकऱ्यांनी विचारलं, "चहा होणार आहे का?"

बायका बादल्या, घागरी, कुकर, मुलांच्या पाण्याच्या बाटल्या सगळं भरून परत आल्या आणि ओसरीतच न्यायसभा भरली. देव आकाशातून काही करील म्हणून वाट पाहायला कोणी तयार नव्हतं. अंजनाबाईंचा आग्रह होता की पंप तलावात बुडवावा. मंदाकिनीबाई म्हणाल्या, तलावाने काय बिघडवलं आहे? शेवटी ठरलं की पंप निघेल, दोन्ही टाक्यांतलं पाणी नळी लावून गल्लीत सगळ्यांना वाटलं जाईल, आणि ती नळी स्वतः नीलकंठराव धरतील. भजनाचं काय, असं त्यांनी विचारलं. "भजन करा न," गोदावरीबाई म्हणाल्या. "भजनाले कोण नाही म्हणते? भोंग्याबिगर करा."

नीलकंठरावांनी धोतर खोचून दोन तास नळी धरली. पहिला अर्धा तास ते अपमानाने लाल होते. पुढे एक म्हातारी घागर भरून घेताना "जुग जुग जियो भैया" म्हणाली आणि ते गोंधळले. शेवटी शेवटी ते "ओढू नका, सगळ्यायले भेटन" असं अधिकाराने सांगू लागले होते, जणू वाटपाची कल्पना त्यांचीच.

साळव्यांना ही हकीकत कळली तेव्हा ते स्कूटर घेऊन आले आणि त्यांनी श्यामरावांकडून ती तीनदा ऐकली. बाळकृष्ण कडेला आला तिथे ते दर वेळी हसत हसत वाकत. "बावीस वर्षं हे वाचून राहिलो मी," ते म्हणाले, "पण ऐकून कोणी वायर धरून रांगलं नव्हतं." पुढच्या रविवारी मंडळींसमोर हे सांगा, असा त्यांनी आग्रह धरला. श्यामराव कबूल झाले. पण माइकच्या या बाजूला ते कधी उभे राहिले नव्हते. शंभर माणसांसमोर त्यांनी माइक हातात घेतला, दोनदा फुंकर मारली, "हॅलो, हॅलो, चेक," म्हणाले, आवाज बरोबर आहे याची खात्री झाली आणि समाधानाने खाली बसले.

त्यांचं नाव मात्र पसरलं. पाण्याची तक्रार असलेल्या गल्ल्यांतून बोलावणी येऊ लागली. श्यामराव जात, जमिनीला उजवा कान लावत, आणि त्या दिवशी तो चालू असला तर पंप सापडे. एक तुळशीवृंदावनात निघाला, एक वडिलांच्या हार घातलेल्या मोठ्या फोटोमागे. एका ठिकाणी त्यांनी खात्रीने कपाट उघडायला लावलं आणि आत घोरत असलेला घरमालकाचा मेहुणा निघाला. तो बायकोपासून लपला होता. त्या घरातलं पुढचं भांडण पाण्याचं नव्हतं, तेव्हा श्यामराव चहा न घेताच निघाले.

त्रास एकच झाला. शब्द ऐकायची लागलेली सवय सुटेना. भनपुरीतल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या सत्कारात पाहुणे म्हणाले, "मी फक्त दोन शब्द बोलणार आहे," आणि श्यामरावांनी मोजून दोन शब्दांनंतर माइक बंद केला. पाहुणे संतापले, टाळ्या मात्र कडकडून पडल्या. मंदाकिनीबाईंनी घरी चांगलं फैलावर घेतलं. "सगळ्यायचं खरं ऐकाले बसले तं धंदा कसा होईन? ज्याचा कार्यक्रम त्याचा आवाज." श्यामराव हव म्हणाले, आणि खरंच सुधारले, फक्त मशीनला नमस्कार करताना आता वर पाहून विचारत, "चालू करू का?" उत्तर आलं नाही तर पाच मिनिटं थांबून चालू करत.

नीलकंठराव महिनाभर गल्लीत कोणाशी बोलले नाहीत. मग एका सकाळी श्यामरावांना त्यांच्या घरातून गाणं ऐकू आलं. भोंगा नाही, टाळ नाही. आवाज बारीक, चाल चुकलेली, मधेच ओळ विसरलेली, मग खोकला, मग तीच ओळ पुन्हा. नळाकडे कळशी घेऊन निघालेले श्यामराव रस्त्यात उभे राहिले. घड्याळात साडेपाच वाजले होते. पाणी यायला अर्धा तास होता.

सहा वाजता गाणं थांबलं आणि नीलकंठराव बादली घेऊन बाहेर आले. त्यांच्या घरचा नळ बिघडला होता म्हणून ते सार्वजनिक नळाच्या रांगेत उभे राहिले, आणि दोनच मिनिटांत गोदावरीबाईंशी नंबरावरून त्यांचं कडाक्याचं भांडण जुंपलं. दोघंही एकाच वेळी बोलत होते. पाणी वाया जात होतं. श्यामरावांनी नळाखाली आपली कळशी सरकवली, भरून घेतली आणि ते घराकडे चालू लागले.